हंड्यातला पंचम

आधी चहा घ्या, गार होईल. ही गोष्ट एका घोटात संपणारी नाही, आणि माझं रडगाणं एकदा सुरू झालं की मला मध्ये थांबता येत नाही. नको तिथे तोंड उघडून बुडालेली माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. माझं तसं नाही. मी तोंड उघडलं ते सगळं सुखरूप निभावून गेल्यावर. अहवालावर सही झाली होती, पेनाला टोपण लागलं होतं, पेन खिशात गेलं होतं. आणखी पाच मिनिटं गप्प बसलो असतो तर आज तुमच्यासमोर एक निवृत्त मॅनेजर बसला असता. जाऊ द्या.

आम्ही कुंभकोणमचे. घरी मराठी. तुमच्यासारखी नव्हे हो. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या मागून खाली आले आणि परत जायचं विसरले. त्यांच्याबरोबर आलेली मराठीही तिथेच राहिली, तमिळ शेजारात म्हातारी झाली. आता मुलीकडे पुण्याला राहून माझी भाषा बरीच दुरुस्त झाली आहे असं जावई म्हणतात. पण पहिल्यांदा मी इथे रिक्षावाल्याशी बोललो तेव्हा त्याने आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिलं होतं.

या मराठीचा आम्हाला तिकडे खरा उपयोग एकच. चारचौघांत गुपित बोलायला. डॉक्टरसमोर डॉक्टरची फी जास्त आहे म्हणा, पाहुण्यासमोर पाहुणा कधी जाणार ते विचारा. कोणाला कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही असं बिनधास्त बोलत आलो. इतका भरवसा भाषेवर ठेवू नये, पण तो ठेवायची सवय आम्हाला पाळण्यातच लागते.

तर नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी एका पितळी भांड्यांच्या पेढीत कामाला होतो. समया, घंटा, आणि लग्नाच्या जेवणावळीला लागतात ते माणूस उभा राहील एवढे हंडे. मालकांना तिकडे मुदलाळी म्हणतात. आमचे मुदलाळी म्हणजे देवमाणूस. सकाळी देवळात जाऊन आल्याशिवाय गल्ल्याला हात लावायचे नाहीत. माझे सख्खे मामा तिथे हिशेबनीस होते, आणि मी होतो कंप्युटर इन-चार्ज. म्हणजे काय, तर तंजावरला जाऊन एक कोर्स केलेला पेढीतला एकमेव माणूस.

पेढीत सात कंप्युटर. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणलं तेव्हा दोन खोकी विकत घेतली. प्रत्येक खोक्यात फ्लॉप्या, एक जाडजूड पुस्तक आणि एक कागद: हे लायसन्स एका कंप्युटरसाठी आहे. मग मुदलाळींनी विचारलं, उरलेल्या पाचांसाठी आणखी पाच खोकी कशाला? फ्लॉप्या त्याच ना? मी म्हणालो, फ्लॉप्या त्याच, पण लायसन्स... ते हसले. म्हणाले, माझ्याकडे मोटारी तीन आहेत, लायसन्स एकच आहे, आजवर एकाही पोलिसाने अडवलं नाही.

आता यावर काय बोलणार? मोटारीचं लायसन्स माणसाला असतं आणि याचं यंत्राला, हे एक वाक्य मी तेव्हा बोलायला हवं होतं. पण त्याच दमात ते म्हणाले की खर्च वाचवणारा माणूस मला आडुतुरैच्या नव्या शाखेवर मॅनेजर म्हणून हवा आहे. आडुतुरै! कुंभकोणमहून अर्ध्या तासाची बस, स्वतःची केबिन, केबिनला पंखा. वाक्य माझ्या घशात राहिलं ते राहिलंच. मी पाचही कंप्युटरवर कॉपी मारली आणि घरी जाऊन बायकोला केबिनच्या पडद्याचा रंग विचारला.

आडुतुरैची पाटी रंगवायला टाकली, आणि त्याच आठवड्यात सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलं. आमचा माणूस मद्रासहून लायसन्स तपासायला येत आहे. प्रत्येक कंप्युटर दाखवावा, प्रत्येकाचा कागद दाखवावा. जादा काही सापडलं तर कंपनी कोर्टात जाऊ शकते, असं खाली सभ्य शब्दांत लिहिलं होतं. मुदलाळी म्हणाले, येऊ दे की, आपलं काय लपवायचं आहे? सगळं दाखव. मी मान डोलावली. ती मान पुढे तीन दिवस आपोआप डोलत होती.

मामांना सगळं सांगितलं. मामा कधी घाबरत नाहीत, हीच माझ्या आयुष्यातली मोठी अडचण. त्यांनी विचारलं, कंप्युटरमधून पुसून का टाकत नाहीस? पुसता आलं असतं हो. पण त्यात दिवाळीच्या सगळ्या ऑर्डरी होत्या, आणि बॅकअप काढायचं काम मी वर्षभर उद्यावर ढकलत आलो होतो. मामांनी तपकीर ओढली, गोडाऊनकडे बघितलं आणि म्हणाले, "हंडे रिकामेच आहेत कीं."

रविवारी दुपारी पेढी बंद असताना आम्ही दोघांनी ते पाच कंप्युटर उचलून पाच हंड्यांत उतरवले. खाली गवत, वर पोती, त्यावर झाकण. कीबोर्ड, वायरी, यूपीएस, सगळा संसार आत. यूपीएस म्हणजे वीज गेली तरी कंप्युटरला थोडा वेळ जिवंत ठेवणारा डबा. रिकाम्या टेबलांवर आम्ही समया मांडल्या. इतकं छान दिसायला लागलं की मामा म्हणाले, नंतरही असंच ठेवू. मुदलाळींना मी सांगितलं, पाच कंप्युटर दुरुस्तीला तंजावरला गेले आहेत.

सोमवारी तपासनीस आला. राजगोपालन नाव. पस्तिशीचा, बारीक, कपाळावर गोपीचंदन, आवाज इतका मृदू की दोनदा विचारावं लागे. असा माणूस आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा वाईट. त्याने दोन कंप्युटर तपासले, दोन कागद पाहिले, आणि मग माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. काहीतरी विचारावं की न विचारावं असं बघणं ते. मग परत वहीत डोकं घातलं.

दिवसभर हेच. तो लिहायचा, थांबायचा, माझ्याकडे बघायचा, तोंड उघडायचा आणि मिटायचा. मला दरदरून घाम. मामा आणि मी त्याच्यासमोरच मराठीत बोलत होतो, अर्थात. मी म्हणालो, "मामा, ह्यास कांही तरी ठाऊक आहे." मामा वहीतून मान वर न करता म्हणाले, "सुम्मा रहा. मदराशी आहे तो. त्यास काय कळतें."

सुम्मा म्हणजे उगीच, गप्प. मी सुम्मा राहिलो. त्या टेबलांवर समयांच्या भोवती धुळीत कंप्युटरच्या आकाराचे स्वच्छ चौकोन उमटले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याचीही नजर तिथे गेली. मामांनी सहज जाऊन धोतराच्या सोग्याने टेबल पुसलं आणि मराठीतच मला दोन शिव्या दिल्या. तपासनीस हसला. का हसला? तुम्हीच सांगा, का हसला असेल?

दुपारी त्याला जेवायला घरी नेलं. मोठ्या हॉटेलात नेलं तर लाच दिसेल, घरी नेलं तर पाहुणचार, असा मामांचा हिशेब. केळीचं पान, सांबार, आमच्या घराण्याची डांगर पच्चडी. उडदाचं भाजकं पीठ दह्यात कालवून करतात ती. बायको दाराआडून मला म्हणाली, "ह्यांस पच्चडी रुचली नाही वाटतें. पानांत तशीच आहे." आणि त्याच क्षणी त्या माणसाने पच्चडी पुसून खाल्ली! मी हातातला घास परत पानात ठेवला. पुढे कळलं की चांगलं ते शेवटी खायची त्याला लहानपणापासून सवय आहे. पण पुढे कळून काय उपयोग?

परत पेढीत येताना मी मामांना म्हणालो, ह्याला मराठी कळते. मामा म्हणाले, तुला ऊन लागलं आहे. मी म्हणालो, सकाळी शिव्यांना हसला, आता पच्चडी. मामा म्हणाले, शिव्या सगळ्या भाषांत सारख्याच ऐकू येतात, आणि पच्चडी तुझी बायको चांगली करते. मामांपाशी प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. मला मात्र सकाळपासून त्याच्यासमोर आपण काय काय बोललो ते एकेक आठवायला लागलं.

संध्याकाळी सहा वाजता त्याने अहवाल पुरा केला. कंप्युटर दोन, लायसन्स दोन, तक्रार नाही. मी तो कागद माझ्या डोळ्यांनी वाचला. सही झाली. मी सांगितलं ना, टोपणसुद्धा लागलं. मला मुदलाळींच्या पाया पडावंसं वाटलं, तपासनिसाच्या पडावंसं वाटलं, मामांच्या तर रोजच पडावं असं ठरवून टाकलं. केबिनच्या पडद्याचा हिरवा रंग पक्का केला.

आणि गोडाऊनमधून आवाज आला. टूं.

वीज तुटली की यूपीएस ओरडतो, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. एक यूपीएस मी बंद करायला विसरलो होतो. पण तो रविवारपासून का गप्प होता आणि आत्ताच का बोलायला लागला? आतल्या गवताने त्याचं बटण दाबलं गेलं असेल, उंदीर फिरला असेल, माझं नशीब फिरलं असेल. मला आजही माहीत नाही. साधा ओरडला असता तरी चाललं असतं. हा पितळेच्या हंड्यात बसून ओरडत होता. देवळातल्या घंटेसारखा घुमत होता. टूं... टूं...

मी मामांना म्हणालो, "मामा, मेलों." मामा उठले, शांतपणे शेजारच्या हंड्यावर बोटाचं पेर वाजवलं आणि तपासनिसाला तमिळमध्ये म्हणाले, अस्सल पितळ आहे सार, दुपारी तापतं आणि संध्याकाळी गार होताना बोलतं. मी मामांकडे बघतच राहिलो. असा माणूस हिशेबनीस म्हणून फुकट गेला.

तपासनिसाने डोळे मिटले. मान एका बाजूला कलती केली. टूं. "आहा," तो म्हणाला. "सार, हा माझ्या श्रुतीचा पंचम आहे." म्हणजे त्याच्या पट्टीतला 'प'. आणि मांडीवर हलकी टाळी देत, त्या यूपीएसच्या सुराला सूर लावून तो गायला लागला.

काय गायला? अभंग. मराठी अभंग! प्रत्येक अक्षर स्वच्छ. 'ळ' असा की पुण्याच्या माणसाने वाहवा म्हणावं. पेढीत कंदिलाएवढा प्रकाश उरला होता, हंड्यातून पंचम चालला होता, आणि तो मदराशी माणूस माझ्यासमोर विठ्ठलाला मराठीत हाका मारत होता. मुदलाळी आतल्या खोलीतून बाहेर आले आणि हात जोडून उभे राहिले. मामांच्या हातातली तपकिरीची डबी पहिल्यांदाच खाली पडली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे याला सकाळपासून सगळं कळत होतं. हंडे कळत होते, कॉप्या कळत होत्या, बायको दाराआडून बोलली तेही कळलं होतं. कळूनही सही केली होती. मला वाटलं, हा देवमाणूस माझी वाट बघतो आहे. मी आपण होऊन बोलावं म्हणून गातो आहे.

गाणं संपलं. त्याने डोळे उघडले, आणि दिवसभर तोंडावर आलेलं शेवटी बोलला. तमिळमध्ये, अगदी हळू. "सार, सकाळपासून एक विचारायचं होतं. धीर होईना. तुम्ही घरी मराठीच बोलता ना?"

संपलं. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि मराठीत सुरू झालो. "सायबा, मजकडून चूक जाली. लायसन्स दोन, कंप्युटर सात. फ्लॉपीवरून मींच कॉपी केलें. पांच कंप्युटर गोडाऊनांत हंड्यांत ठेवलें. तो यूपीएस बोलतो तोही माझाच. मुदलाळीस कांही ठाऊक नाही, त्यांस कोर्टांत नेऊं नका. मज आडुतुरै नको." आडुतुरै नको म्हणताना माझा आवाज फुटला. खरंच रडलो हो मी. ते दुःख अस्सल होतं.

त्याने हलकेच हात सोडवून घेतले. मग फार संकोचून म्हणाला, "सार, मला मराठी येत नाही."

मग अभंग? त्यावर तो लाजला. म्हणाला, नोकरी मद्रासला आहे, पण मी इथला, मरुदानल्लूरचा. सात वर्षांचा असल्यापासून भजनात बसतो. अभंग तमिळ लिपीत उतरवून पाठ केलेले. आमच्यात कोणालाच अर्थ कळत नाही सार, आम्ही भक्तीने म्हणतो.

माझं कपाळ! कुंभकोणमचं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. मरुदानल्लूरच्या भजनात तमिळ माणसं अभंग म्हणतात, कडकडीत म्हणतात, एक अक्षर न समजता म्हणतात. माझा सगळा जन्म तिथून चार मैलांवर गेलेला. दर वर्षी मी स्वतः तिथे प्रसादाला जाऊन बसत होतो. हे ज्याला आठवायला हवं होतं असा त्या जिल्ह्यात एकच माणूस त्या वेळी होता, आणि तो रडत उभा होता.

मुदलाळींनी मामांना विचारलं, हा काय म्हणाला? आणि मामांनी, माझ्या मामांनी, डोळ्यांचं पातं न लववता सांगितलं, "अभंग ऐकून त्याचं मन भरून आलं. देवा, मला काही नको, असं म्हणतो आहे." मुदलाळींच्या डोळ्यांत पाणी आलं. बघा, मी परत वाचलो होतो. दुसऱ्यांदा! एका दिवसात इतकं नशीब कोणाच्या वाट्याला येतं?

पण तपासनीस प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, तसंच असेल. मराठी मला कळत नाही. फक्त मध्ये मध्ये लायसन्स, कंप्युटर, फ्लॉपी, कॉपी, गोडाऊन, यूपीएस, कोर्ट असे शब्द आले. हंडा म्हणजे आपल्या तमिळमधला अण्डाच ना, जेवणावळीचं मोठं भांडं?

टूं, असं गोडाऊन म्हणालं.

आता काय सांगू तुम्हाला? तीनशे वर्षं जपलेली आमची गुप्त भाषा. आणि ऐन वेळी पाहिलं तर तिच्यात माझ्या गुन्ह्यासाठी एकही स्वतःचा शब्द नव्हता. सगळे शब्द सगळ्यांना कळणारे, मराठी होतं ते फक्त रडणं. मग उरलेलं मला तमिळमध्ये सांगावं लागलं. माझा कबुलीजबाब मीच भाषांतर करून मुदलाळींना ऐकवला. त्यात मामांचं नाव तेवढं घेतलं नाही. झाकणं निघाली. पाच हंड्यांतून पाच कंप्युटर गवत अंगावर घेऊन बाहेर आले.

राजगोपालनने अहवाल परत घेतला, टोपण काढलं, दोनाचे सात केले. पाच लायसन्स महिन्याभरात घ्या, मी वर सांगतो, कोर्ट नको, असं म्हणाला. मुदलाळींनी तिथल्या तिथे कबूल केलं. माझ्यावर ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "यंत्रागणिक वेगळं लायसन्स लागतं हे एक वाक्य तू मला सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी घेतली असती. माझ्याच दुकानात, माझ्यासमोर उभा राहून, मला कळू नये म्हणून बोलत होतास?" त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ते मामांकडे वळून म्हणाले, आडुतुरैला तुम्ही जा. मामांनी एकदाही नको म्हटलं नाही. मी वाट बघत होतो.

जाताना राजगोपालन उंबऱ्यावर थांबला. "सार, माझं विचारायचं राहिलंच. त्या अभंगातल्या तिसऱ्या ओळीचा अर्थ काय हो? पंचवीस वर्षं म्हणतो आहे. या पेढीत मराठी लोक आहेत असं सकाळी वाटलं, तेव्हापासून मनात होतं."

म्हणजे दिवसभर तो माझ्याकडे बघत होता ते यासाठी.

मी म्हणालो, म्हणा. त्याने ओळ म्हटली. मी परत म्हणायला सांगितली. त्याने हात जोडून परत म्हटली. त्यातला विठ्ठल मला कळला. तो त्यालाही कळत होता. बाकीची मराठी इकडची, तुमची. ती आमच्याबरोबर खाली आलीच नव्हती. मुदलाळी बघत होते, राजगोपालन बघत होता. मामा म्हणाले, अर्थ फार गहन आहे, आडुतुरैला या, सावकाश सांगतो. मुदलाळींनी आदराने मान हलवली.

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, मला येत नाही.

त्या दिवशी मी दोनदाच खरं बोललो. पहिल्यांदा आडुतुरै गेलं, दुसऱ्यांदा मातृभाषा.